अर्धा नारळ विकणारं दुकान

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे सांगतो, पण आधी एक सूचना: मोबाइलवर रेसिपी उघडून या दुकानात जाऊ नका. निम्मं सामान मिळणार नाही, आणि उरलेलं निम्मं बघून दुकानवाल्या वहिनी विचारतील, ‘हें सगळें कित्याक?’ (हे सगळं कशाला?) फ्रिज जवळजवळ रिकामा आहे, संध्याकाळचे सात वाजलेत, परत बाजार गाठायचं त्राण नाही आणि बाहेरून मागवायचं जिवावर आलंय, अशा वेळी जा.

गोव्यातल्या म्हापशात, खोर्लीच्या एका आतल्या रस्त्यावर, जुन्या कौलारू घराच्या पुढच्या खोलीत हा पसरो, म्हणजे छोटं किराणा दुकान, आहे. पाटीवरची अक्षरं पावसाने केव्हाच धुऊन नेली, त्यामुळे सगळे नुसतं ‘वहिनीकडे’ म्हणतात. दारात उकड्या तांदळाचं पोतं, त्याला टेकून नारळांची रास. फळीवर काचेच्या बरण्या: आळसांदे (चवळीसारखं कडधान्य), कुळीथ, वाटाणे, सुक्या मिरच्या, तिरफळं. खाली चिनीमातीच्या दोन, एकीत सोलं, म्हणजे आमसुलं, आणि दुसरीत मिठाच्या पाण्यातली तोरं, म्हणजे कैऱ्या. सुकी मासळी पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट लावलेलं, नाहीतर शेजारच्या साबणालाही वास लागेल. दूध-दह्यासाठी एक छोटा फ्रिज. वहिनींचे यजमान कोपऱ्यात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले असतात. त्यांच्याकडे काही मागू नका, ते फक्त सुटे पैसे देतात.

मी बाजारातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहितो. घरी मी आणि आई, दोघंच. आई मूळची बांद्याची, सगळा जन्म चुलीपुढे गेला, पण आता मनगटं साथ देत नाहीत. म्हणून स्वयंपाक माझ्याकडे आणि देखरेख तिच्याकडे. आमचं खाणं किती असणार? चार माणसांच्या हिशेबाने भरलेली पाकिटं आणली की आठवडाभर तेच तेच खा, नाहीतर टाका. आईला टाकलेलं खपत नाही. सोमवार आणि गुरुवार शिवराक, म्हणजे शाकाहारी, रात्री तिला पेज लागते, आणि पेजेला तोंडी लावायला काहीतरी झणझणीत हवंच. या अटींत जे बसेल ते रोज उभं करायचं, असा माझा मामला.

वहिनींचं वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा पहिला प्रश्न. ‘किदें जाय?’ (काय हवं?) असं त्या क्वचितच विचारतात. विचारतात, ‘घरांत किदें आसा?’ (घरात काय आहे?) आपण मोजून सांगायचं: दोन कांदे, शेवग्याची एक शेंग, वाटीभर शिजलेले वाटाणे, लसूण. मग त्या क्षणभर छपराकडे बघतात आणि दोन वस्तू पुढ्यात ठेवतात. बहुतेक वेळा दोनच.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगा भाड्याने राहतो. लॅपटॉपवर काम, मूळचा पुण्याचा. त्याने एकदा बांगड्याच्या हुमणाची, म्हणजे कालवणाची, भली मोठी यादी आणली होती. त्यात ऑलिव्ह तेल होतं, लिंबाची पानं होती, नारळाच्या दुधाचा डबा होता. मी तिथेच उभा होतो. वहिनींनी यादी हातात घेतली, बांगडे आणलेत का ते विचारलं, हळद आणि तिखट घरी आहे का ते विचारलं, आणि अर्धा नारळ, चार सोलं, सहा तिरफळं एवढंच बांधून दिलं. वर तिरफळांचं शिक्षणही फुकट: आतली काळी बी काढून टाक, कडू असते, वाटू नकोस, ठेचून शेवटी घाल. पोराचे पैसेही वाचले. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, ‘काका, जमलं की हो.’

अर्धा नारळ ही या दुकानाची खरी करामत. दोन माणसांच्या घरात अख्खा नारळ फोडला की दुसरी कवड फ्रिजमध्ये पिवळी पडते, बुळबुळीत होते, आणि मग आपण नारळ आणायलाच कचरतो. वहिनी समोर नारळ फोडतात, पाणी पोरांपैकी कुणाला तरी देतात, एक कवड तुम्हाला, दुसरी फ्रिजमध्ये पुढच्या गिऱ्हाइकाला. पुढचा येतोच. पाच रुपयांची मिरची, मूठभर आळसांदे, एका आमटीपुरती चिंच, हेही तसंच. मोठ्या दुकानात एवढं थोडं सहसा मिळत नाही, आणि घरपोच आणणाऱ्या अ‍ॅपवर तर किमान रकमेचा आकडा गाठायला आपण चिप्स भरतो. तिथे शोधायच्या आधी आपल्याला काय हवंय ते ठाऊक लागतं. माझी अडचण नेमकी उलटी असते. मला घरात काय आहे तेवढंच ठाऊक असतं.

आता आंबटाविषयी, कारण या बाबतीत दुकान बेजोड आहे. २०२३च्या जुलैत देशभर टोमॅटो शंभरी पार करून गेले तेव्हा आठवा. आपल्याकडची बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते, तिथे दर चढला की इथे आपण चडफडायचं. वहिनी मुळात टोमॅटो ठेवतच नाहीत. मी त्या दिवसांत एकदा विचारलं तर म्हणाल्या, ‘सोलां आसतना टोमॅट कित्याक जाय तुका?’ आणि खरंच, त्यांच्याकडे आंबटाचे इतके प्रकार आहेत की टोमॅटोची आठवण येऊ नये. सोलं रंग देतात, रस पातळच राहतो, त्यामुळे कढीला नि हुमणाला ती बरी. चिंचेने आमटीला थोडा दाटपणा येतो. ओटांब या आंबट फळाच्या सुक्या चकत्या त्यांच्याकडे असतात, त्यांना जरा वेगळाच तुरटसर वास असतो, डाळीत छान लागतात. तोरांच्या बरणीतलं खारं पाणी मागितलं तर चमचाभर देतात. ते घातलं की मीठ अगदी हात राखून घालायचं. बिंबलं, ती लांबट आंबट फळं, विकत नाहीत, कारण त्यांच्या परसातल्या झाडाला ती घोसाने लागतात आणि गळून सडतात, तेव्हा ती फुकट. वरणात चार बिंबलं अख्खी सोडा, शिजून विरघळतात आणि वरण वेगळंच होतं. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, वहिनींनी पिशवीत टाकली म्हणून करून पाहिलं.

पावसाळ्यात दुकानाची परीक्षा होते. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. होडीवाल्यांची आणि नदीची मासळी येते, पण ती थोडी, आणि भाव ऐकून माणूस पुढे सरकतो. अशाच एका संध्याकाळी मी घरी आलो तर वीज गेलेली. मिक्सर बंद, म्हणजे वाटण बंद. आमचा रगडा बांद्याच्या घरी राहिला तो राहिलाच. घरात होतं काय, तर पेज उकळत होती, एक कांदा, आणि आदल्या दिवशीची पाऊण कवड. भिजत वहिनींकडे गेलो. त्यांच्याकडे मेणबत्ती. यादी ऐकून म्हणाल्या, ‘वीज ना न्हय? मागीर वाटप नाका. किसमूर कर.’ (वीज नाही ना? मग वाटण नको.) आणि डब्यातून वीस रुपयांची सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, काढून दिली.

ती किसमूर कशी केली ते सांगतो, कारण वाटणाशिवाय, दहा मिनिटांत, इतकं चवदार दुसरं काही होत नाही. सुंगटं कोरड्याच तव्यावर मंद आंचेवर परतायची. आधी ती चामट असतात, डाव फिरवताना आवाज येत नाही. थोड्या वेळाने तव्यावर खुळखुळायला लागतात, तेव्हा उतरायची. निवली की डोकी आणि शेपट्या चिमटीने मोडायच्या, मग तळहातांवर चोळून फुंकर मारायची, सालं उडून जातात. खोबरं आदोळीवर खवायचं. कांदा जितका बारीक कापता येईल तितका. दोन सोलं चमचा-दोन चमचे गरम पाण्यात टाकून बाजूला. तिखट, किंचित मीठ, सुंगटं आधीच खारट असतात. सगळं हाताने कालवायचं, सोलांचं पाणी वरून, आणि शेवटी कच्चं खोबरेल तेल एक चमचा. पण हे अगदी पानावर बसताना, आधी कालवून ठेवलं तर सुंगटं मऊ पडतात आणि मजा जाते. मेणबत्तीच्या उजेडात आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘कांदो जाड कापलंस.’ नंतर दुसऱ्यांदा वाढून घेतलं, त्यामुळे मी तक्रार मनावर घेतली नाही.

गुरुवारी मात्र सुंगटं चालत नाहीत. तेव्हा आळसांदे. इथले आळसांदे भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर पिकतात, दाणा टपोरा, शिजला की आतून लोण्यासारखा. राजम्याला रात्रभर भिजवणं आणि नंतर खळखळून उकळणं चुकवता येत नाही, नीट शिजला नाही तर पोट धरून बसायची वेळ येते. आळसांद्याचं तसं नाही. सकाळी भिजत घालायचे राहिले तरी कुकरला दोन शिट्या जास्त, की काम होतं. अर्ध्या नारळातलं निम्मं खोबरं धणे, मिरी, सुकी मिरची घालून भाजायचं, वाटायचं, कांद्याच्या फोडणीत आळसांद्यांबरोबर सोडायचं, झालं तोंडाक, म्हणजे कडधान्याची रस्साभाजी. आईचा गुरुवार कडक नाही, कांदा चालतो. उरलेल्या निम्म्या खोबऱ्याचं दूध काढून सोलकढी. एका कवडीत दोन पदार्थ, भात आपला होताच.

आणि काहीच नसेल तर कुळीथ. भाजून दळलेलं पीठ वहिनी सुटं देतात. तेलात लसूण ठेचून, मिरची मोडून, तीन वाट्या पाणी, दोन सोलं. पीठ थंड पाण्यात कालवून ओतायचं, नाहीतर गाठी. ढवळत राहायचं. आई याला स्वयंपाक मानत नाही. तिच्या मते पिठी ही आजाऱ्याची किंवा आळशाची. ‘खोबरा आसा, सोला आसत, आणखी काय व्हया तुका?’ असं म्हणून ती मला तोंडाकाकडे ढकलते. पण भर पावसात, कपडे ओले, अंगात कणकण, तेव्हा तीच पिठी वाटीने पिते.

कुणी म्हणेल, म्हापशात राहून शुक्रवारचा बाजार सोडून गल्लीतल्या दुकानाचं काय कौतुक? बाजाराला तोड नाहीच. चोरीसांवच्या (डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या) माळा, मयड्याची केळी, मातीची भांडी, गावठी भाजीच्या जुड्या. सगळं मला आवडतं आणि दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी एक फेरी मारतोच. मे महिन्यात पुरुमेंताची खरेदीही तिथेच, पावसाळ्याची बेगमी म्हणून सोलं, सुकी मासळी, मिरच्या. पण बाजार आठवड्याचा. तिथे माणूस भुलतो, हौसेने सुरण उचलतो, आणि बुधवारपर्यंत तो सुरण आपल्याकडे बघत राहतो. वहिनींचं दुकान त्या बुधवारसाठी. उरलेल्या सुरणाची फोड दाखवली तर त्या म्हणतात, सोलाच्या पाण्यात उकड, खाज जाईल, मग रवा-तिखट लावून तव्यावर टाक. रव्याची पुडी पुढ्यात.

पाव त्या ठेवत नाहीत, पण संध्याकाळचा पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत तिथे थांबतो, त्यामुळे तेही काम होतं. त्याच्याकडची पोळी, म्हणजे भुसा लावलेला गोल पाव, जास्त घेतली तरी हरकत नाही. शिळी पोळी कुस्करून, मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत कांदा नि हळद घालून, वर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं की सकाळचा नाश्ता. भुश्यामुळे ती पांढऱ्या पावासारखी लगदा होत नाही. उरलेलं तोंडाक असेल तर त्यातच चुरायची. माझ्या मते ताज्यापेक्षा बरी.

आता तो कापलेला तारा. पहिलं म्हणजे पुड्या वर्तमानपत्रात बांधतात. खाण्याच्या वस्तू छापील कागदात बांधू नका असं एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, सांगून वर्षं लोटली, शाईतली रसायनं अन्नात उतरतात म्हणून. वहिनींना सांगितलं तर यजमानांकडे बोट दाखवतात, पेपर त्यांचा. मी आता घरून डबे नेतो. दुसरं, ऑगस्टात सोलांना ओल धरते. ती खरं तर आपल्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवलेली असतात, पण बरणीचं झाकण उघडं राहिलं की चिकट होतात. घेताना वास घ्या, आंबूस आला तर नको म्हणा, त्या रागावत नाहीत. तिसरं, कशावरही दर लिहिलेला नाही. किलोभर तांदूळ काट्यावर मोजतात, पण पाच-दहा रुपयांचं सामान मुठीने, आणि वहिनींची मूठ त्यांच्या मनःस्थितीप्रमाणे लहान-मोठी होते. जत्रेच्या दिवसांत, बोडगेश्वराकडे जायची घाई असताना, ती बरीच लहान होते. उधारीची वही आहे, पण ती ओळखीच्यांनाच. नव्या माणसाने क्यूआर कोड शोधावा, तो तेलाच्या डब्यामागे चिकटवलाय.

आणि दुपारी एक ते चार दार बंद. एकदा मी अडीच वाजता कडी वाजवली, आतून उत्तर आलं नाही, आणि गोव्यात राहून मी वेगळी अपेक्षा करायला नको होती असं आईचं म्हणणं. रविवारी सकाळीच काय ते.

मोठ्या कुटुंबाला, महिन्याचं सामान एकदम भरणाऱ्याला या दुकानाचा उपयोग नाही, दर किंचित चढेच पडतात. पाहुणे येणार असतील, केक करायचा असेल, पनीर लागणार असेल तर दुसरीकडे जा. एकट्या-दुकट्याने, विशेषतः स्वयंपाक नव्याने अंगावर पडलेल्या माणसाने, जरूर जावं. जाण्याआधी फ्रिज आणि टोपली एकदा बघून घ्या, काय काय उरलंय ते पाठ करा, मोघम ‘थोडीशी भाजी’ म्हटलेलं वहिनींना चालत नाही, कुठली नि किती ते सांगावं लागतं. माडाचं व्हिनेगर हवं असेल तर बाटली घरून न्या. नारळ अर्धाच हवा हे आधीच बोला, फोडल्यावर सांगितलंत तर दोन्ही कवडी तुमच्या.